वाचा फुटण्याचा ऋतू

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड येतात, तह येतात, सनावळ्या येतात. दिवाळीच्या सुटीत मुलेसुद्धा अंगणात मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे उभे करतात, ते याच इतिहासाचे. पण त्याच अंगणात, त्याच दिवसांत, पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक इतिहास घडत आला आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. तो आहे लहान मुलाच्या जिभेचा इतिहास. मूल बोलू कसे लागते, बोलताना ते अडले तर त्याच्यासाठी आपण काय करीत आलो, कोणाची वाचा आपण मोकळी केली आणि कोणाची तशीच बांधलेली राहू दिली, याचा हा इतिहास. तो सांगावा असे कित्येक दिवस मनात होते. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. तेव्हा पांडित्याचा आव आणण्याचे कारण नाही. पण रत्नागिरीकडच्या शाळांतून मुलांसमोर उभे राहून जी काही वर्षे काढली, त्यांत पुस्तके वाचण्यापेक्षा मुलांचे ओठ वाचण्याचीच सवय अधिक जडली, एवढे म्हणता येईल.

प्रथम आपली भाषाच पाहा. न बोलता येण्याला मराठीने एकच शब्द ठेवून भागवलेले नाही. ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणणारा तो बोबडा. पहिल्याच अक्षरावर अडून ते पुनःपुन्हा म्हणणारा तो तोतरा. नाकातून बोलणारा गेंगाणा, ज्याच्या घशातून खर येते तो घोगरा, चारचौघांत बोलताना धीर सुटतो तो चाचरणारा, आणि ज्याला वाचाच नाही तो मुका. आजचे वैद्यकही हे प्रकार वेगवेगळेच मानते, कारण प्रत्येकाचे कारण वेगळे असते. गेंगाण्या बोलण्यामागे कधी टाळूला जन्मतः असलेली फट असते. मुका म्हणवला जाणारा मुलगा पुष्कळदा मुका नसतोच. त्याला ऐकू येत नाही म्हणून बोलणे काय असते हेच त्याला कळलेले नसते. आपल्या आज्यापणज्यांचे निरीक्षण इतके बारीक होते. दुःख एवढेच, की निरीक्षण करून त्यांनी नावे दिली आणि त्यांतली बहुतेक नावे चिडवण्याच्या कामी आली.

बोलणे शुद्ध कसे करावे याचे शास्त्र मात्र आपल्याकडे फार जुने आहे. वेदाच्या सहा अंगांपैकी पहिले अंग ‘शिक्षा’; आणि शिक्षा म्हणजे छडी नव्हे, तर उच्चारांचा अभ्यास. आपण पाटीवर गिरवतो ती वर्णमाला म्हणजे खरे पाहता तोंडाचा नकाशाच आहे. ‘क’ गळ्यापाशी, ‘च’ टाळूला, ‘ट’ त्याच्या वरच्या घुमटाला, ‘त’ दातांना आणि ‘प’ ओठांवर. आतून बाहेर, पायरीपायरीने. प्रत्येक ओळीत पुन्हा आधी साधा वर्ण, मग हकार मिसळलेला, मग घोष, मग पुन्हा हकार, आणि शेवटी नाकातला. युरोपात ज्या विद्येने पुढे बहिऱ्या-तोतऱ्यांच्या शिक्षणाला आधार दिला, तिच्यात या नकाशाचा वाटा आहे. व्हिटनी नावाच्या अमेरिकन पंडिताने १८६२ साली अथर्ववेदाचे प्रातिशाख्य भाषांतरासह छापले. एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी उच्चारशास्त्र भारतीय वैयाकरणांवाचून कसे उभे राहिले असते याची कल्पनाही करवत नाही, अशा आशयाची कबुली जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९४६ साली दिली आहे.

वेदपाठशाळांतून पाठांतराची जी रीत होती, तीही पाहण्यासारखी आहे. घनपाठात शब्द पुढे जातात, उलटे फिरतात, पुन्हा पुढे जातात. मी एकदा कागदावर आकडे मांडून पाहिले, तेव्हा मधला प्रत्येक शब्द १३ वेळा तोंडातून जातो असे दिसून आले. इतक्या घोळवणीनंतर जीभ चुकेल कशी?

परंतु हे शास्त्र ज्याला येत होते त्याच्याचसाठी होते, हे विसरून चालणार नाही. ते थोड्या घरांतल्या मुलग्यांपुरते होते. आणि त्या थोड्यांतही जो अडखळे, त्याला त्यात जागा नव्हती. त्वष्ट्याने मंत्र म्हणताना एका शब्दाचा स्वर चुकवला, म्हणून इंद्राला मारण्यासाठी जन्मलेला त्याचा पुत्र इंद्राच्याच हातून मेला, ही कथा उच्चाराचे महत्त्व पटवण्यासाठी सांगत. तोतऱ्या मुलाच्या मनावर ती ऐकून काय परिणाम होत असेल, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

आणि गोष्ट केवळ मनापुरती नव्हती, ती जमिनीपुरतीही होती. मनुस्मृतीत जन्मांध, बहिरा, मुका अशांना वडिलांच्या मिळकतीत वाटा नाही. त्यांना पोसावे, एवढेच. धर्मशास्त्रातल्या या वारसाबंदीचा ऊहापोह महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात केला आहे. काणे आमच्याच जिल्ह्यातले, चिपळूणकडचे. त्यांना १९६३ साली भारतरत्न मिळाले तेव्हा कोकणाला धन्य वाटले होते. ही बंदी पोथीत पडून राहिली असती तरी एक वेळ चालले असते. पण इंग्रजी अमदानीतल्या कोर्टांनीही हिंदू कायदा म्हणून ती मानली. जन्मतः मुका मुलगा बापाच्या शेतात राबू शकत होता, पण त्या शेताचा वारस होऊ शकत नव्हता. ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली १९२८ सालच्या कायद्याने, आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने रोग किंवा व्यंग यामुळे वारसा जात नाही हे स्पष्टच सांगितले. म्हणजे ही कालपरवाची गोष्ट आहे. जीभ हलली नाही तर जमीन जात होती!

आता ओसरीवरून अंगणात येऊ. वेदाचा अधिकार ज्यांना नव्हता, त्या बायकांनी आणि मुलींनी आपली वेगळीच पाठशाळा भरवली होती, आणि तीही शरद ऋतूत. सूर्य हस्त नक्षत्रात जातो, म्हणजे सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उजाडतो. पाऊस ओसरतो, कातळावरचे गवत पिवळे पडू लागते, हळवे भात कापणीला येते. त्या सुमारास किंवा आश्विनाच्या प्रतिपदेपासून भोंडला सुरू होतो. देशावर त्याला हादगा म्हणतात, विदर्भाकडे भुलाबाई. पाटावर हत्ती काढायचा, तो अंगणात मधोमध ठेवायचा, मुलींनी हात धरून त्याच्याभोवती फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. कोठे हा खेळ नऊ दिवस चालतो, कोठे सोळा.

या खेळाचा एक नियम मोठा नामी आहे. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. आदल्या दिवशीचे म्हणायचे आणि एक नवे जोडायचे. गणित करून पाहा: सोळा दिवसांत गाणी होतात सोळाच, पण म्हणून होतात १३६ वेळा. पहिले गाणे सोळाही दिवस तोंडात असते, शेवटचे एकदाच. म्हणजे सोप्यापासून आरंभ, रोज थोडी भर, आणि जुन्याची रोज उजळणी. घनपाठातले १३ आणि भोंडल्यातले १६, या दोन आकड्यांच्या मागे शहाणपण एकच आहे. फरक इतकाच, की तेथे चुकणे हे पाप होते आणि येथे चुकले तर हसण्यावारी जाई.

गाण्यांची घडण पाहिली म्हणजे तर नवल वाटते. सासुरवाशीण माहेरी जायला निघते, सासूला विचारते. सासू म्हणते सासऱ्याला विचार, सासरा म्हणतो दिराला विचार. वाक्य तेच राहते, एक शब्द तेवढा बदलतो. दुसऱ्या एका गाण्यात वेडा नवरा करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो आणि लाडूला चेंडू समजून खेळतो. तेथे मूल आकार ओळखते, दोन वस्तूंतले साम्य ओळखते आणि हसते. आज वाचोपचारतज्ज्ञ, ज्याला आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो, तो मुलाला हेच देतो: तेच वाक्य, बदलता शब्द, ओळखीची वस्तू आणि पुष्कळ पुनरावृत्ती.

शेवटी खिरापत. डबा झाकलेला, आत काय आहे ते ओळखायचे. गोड की तिखट? तळलेले की भाजलेले? ओले की कोरडे? गुळाचे की साखरेचे? ज्या घरी भोंडला त्या घरची मुलगी मान हलवते, आणि बाकीच्यांनी विचारीत राहायचे. मुलाला प्रश्न विचारायला शिकवणे हे उत्तर द्यायला शिकवण्यापेक्षा अवघड असते, हे कोणताही शिक्षक सांगेल. वर्गात प्रश्न नेहमी आमचे, उत्तरे मुलांची. खिरापतीच्या खेळात ते उलटे होते. शिवाय येथे बोलण्याला खरेखुरे कारण असते: विचारल्यावाचून डबा उघडत नाही.

या सगळ्याला मी उगाच सोन्याचा मुलामा देणार नाही. फेर मुलींचा होता. लहान भाऊ खिरापतीपुरते बहिणीच्या मागून येत. जी मुलगी ऐकू शकत नव्हती ती हात धरून फिरत असेल, पण तिच्या पदरात शब्द पडत नव्हता. तिच्यासाठी वेगळी विद्या हवी होती, आणि ती आली समुद्रापलीकडून.

स्कॉटलंडात जन्मलेल्या अलेक्झांडर मेलव्हिल बेल या उच्चारशिक्षकाने १८६७ साली ‘दृश्य वाणी’ नावाची एक लिपी छापली. तिच्यात प्रत्येक अक्षराच्या आकृतीवरून जीभ व ओठ कोठे ठेवायचे ते दिसे. त्याचा मुलगा ग्रॅहॅम बेल बहिऱ्या मुलांना शिकवीत असे. दूरध्वनीचा शोध त्याच उद्योगातून पुढे आला. इकडे मुंबईत १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मूकबधिरांची शाळा निघाली. त्या काळी रत्नागिरीच्या मुलाला तेथे पोचायचे तर आगबोट हाच धोपट मार्ग होता. आणि कोकणी बाप मुलाला आगबोटीत बसवी तो गिरणीत पाठवण्यासाठी, बोलायला शिकवण्यासाठी नव्हे.

या पाश्चात्त्य विद्येलाही आपला हट्ट होता. १८८० साली मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि हातांच्या खुणांपेक्षा तोंडी बोलणेच श्रेष्ठ, असा ठराव तिने केला. त्यापुढे कित्येक दशके अनेक देशांतल्या शाळांत मुलांना खुणा करू दिल्या जात नसत. ज्याला ऐकूच येत नाही त्याने ओठ पाहून बोलावे, आणि हात मात्र स्वस्थ ठेवावेत! आज ते मत मागे पडले आहे. आपल्या देशात २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. मुलाला भाषा मिळाली पाहिजे, ती जिभेने मिळो की हाताने, हा विचार आता मान्य झाला आहे, आणि तो मला तरी पूर्ण पटतो.

महाराष्ट्रात मुलाच्या बोलण्याकडे प्रेमाने पाहणारी खरी माणसे मला दिसतात ती डहाणूकडच्या टेकडीवर. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढला. पुढे १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या. तेथे अनुताई वाघ त्यांना मिळाल्या आणि १९५७ साली दोघींचे काम कोसबाडच्या टेकडीवर आले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. ती गुरांमागे रानात जातात, तर शाळा रानात न्यावी, म्हणून कुरणशाळा. मॉन्टेसोरीबाईंची महागडी साधने तेथे परवडणार नव्हती. त्यांच्या जागी बिया आल्या, शिंपले आले, पाने, काड्या, माती आली. ज्या वस्तूला मूल रोज हात लावते, तिचेच नाव त्याच्या तोंडी आधी येते, हे या दोघींनी पुस्तकात वाचले होते आणि टेकडीवर करून दाखवले. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर झाला. त्या शब्दामागचे अंगण आपल्या महाराष्ट्राचे आहे.

वाचोपचाराचे रीतसर शिक्षण आपल्याकडे याच सुमारास सुरू झाले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था १९६५ची. मुंबईच्या नायर रुग्णालयातला अभ्यासक्रम १९६६चा. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली निघाली. जंगसाहेब महाराष्ट्राचे राज्यपाल होते. पुढे ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला, तो पालघरला. म्हणजे त्याच डहाणू-कोसबाडच्या शेजारी, हा योगायोग मनाला सुखावतो. या कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, आणि तीत ऐकू न येणे व बोलायला उशीर होणे या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मानली, तीत वाचा व भाषा यांची दिव्यांगताही आहे. मनूने ज्याचा वाटा काढून घेतला, त्याला कायद्याने आता हक्काचा माणूस म्हटले.

एवढे झाल्यावर अडचण राहिली कोठे? ती राहिली आपल्या ओसरीवर. मूल दोन वर्षांचे झाले, दोन शब्द जोडून बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही, आणि घरातले वडीलधारे म्हणतात, “बोलेल हो! ह्याचा बापूससुद्धा उशिराच बोललेला.” कोणी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावतो. वास्तविक एक वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊच नये असे डॉक्टर सांगतात. कोणी नवस बोलतो. एकनाथांचा नातू मुक्तेश्वर आधी मुका होता आणि नाथांच्या कृपेने त्याला वाचा फुटली, अशी दंतकथा आहे. ती श्रद्धेने ऐकावी, पण तिच्या भरवशावर मुलाचे कान तपासायचे राहू देऊ नयेत. बोलण्याची पहिली वर्षे पेरणीच्या दिवसांसारखी असतात. मृग, आर्द्रा गेल्यावर पेरलेले भात उगवत नाही असे नाही. पण कष्ट दुप्पट आणि पीक निम्मे. म्हणून पहिली तपासणी कानाची, आणि ती लवकर. आता तान्ह्या बाळाचेही कान यंत्राने तपासता येतात.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. सात-आठ वर्षांचा, वाडीवरून चालत येणारा. ‘क’ आला की त्याची गाडी अडे. मान ताठ होई, डोळे मिटत. म्हणून त्याने न बोलण्याचा मार्ग पत्करला होता. हजेरीलासुद्धा तो नुसता हात वर करी. त्या वर्षी घटस्थापनेनंतर आम्ही वर्गात रोज शेवटची वीस मिनिटे खिरापत खेळू लागलो. मुलगे-मुली सगळे एकत्र. आधी सर्वांनी एका सुरात विचारायचे, मग दोघांनी, मग एकट्याने. तोतरे बोलणारा माणूस गाताना किंवा इतरांच्या सुरात म्हणताना सहसा अडत नाही, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. तो मुलगाही सुरात खणखणीत विचारू लागला. सहाव्या का सातव्या दिवशी एकट्याची पाळी आली. डब्यात कुरमुऱ्याचे लाडू होते. त्याने “क... क... कुरकुरीत आहे का?” असे विचारले. वर्गाला मी आधीच सांगून ठेवले होते, की कोणी शब्द पुरा करायचा नाही आणि हसायचे नाही. पोरांनी ते पाळले. डबा त्यानेच उघडला.

त्याचे अडखळणे त्या खेळाने गेले, असे मी म्हणणार नाही. कारण ते गेले नाही. सुरात आलेली मोकळीक एकट्याच्या बोलण्यात आपोआप उतरत नाही. त्यासाठी जाणत्या माणसाकडे जाऊन महिनोन्‌महिने अभ्यास करावा लागतो. तो त्याने पुढे केला. त्याची आई त्याला एस. टी.ने घेऊन जायची. आठवड्यातली एक रोजंदारी बुडवून. तोतरेपणा हा आईच्या वागण्याचा दोष नव्हे आणि मुलाच्या भित्रेपणाचाही नव्हे, तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो, हे तिला तेथे कोणीतरी नीट समजावून सांगितले. ते ऐकून तिच्या डोक्यावरचा अर्धा भारा उतरला, असे ती म्हणाली. मुलगा अजूनही मधूनमधून अडतो. पण हजेरीला आता हात वर करीत नाही, “हजर” म्हणतो.

विलायतेत आणि अमेरिकेत शरद आला की वाचोपचाराच्या वर्गात वाळलेली रंगीत पाने, लाल भोपळे, खारी आणि ओकची फळे मांडतात, आणि त्यांच्याभोवती शब्दांचे खेळ रचतात. कल्पना सुंदर आहे. पण ती छापील चित्रे जशीच्या तशी आणून आमच्या मुलांपुढे ठेवण्यात काय हशील? आमच्याकडे शरदात झाडे उघडी पडत नाहीत. आमचा शरद म्हणजे भाताची लोंबी, दारावर बांधलेले नवे, झेंडूचे तोरण, कारिटाचा कडू वास. आणि आमच्या भाषेचे काही वर्ण त्या चित्रांत सापडायचेच नाहीत. इंग्रजीत आमचा ‘ळ’ कोठे आहे? मराठीत ‘च’ दोन आहेत: चकलीचा वेगळा आणि चिवड्याचा वेगळा. फराळाच्या एकाच ताटात दोन्ही भेटतात. जुन्या शिक्षाकारांच्या नकाशाप्रमाणे दिवाळीचे घर लावून पाहा. ओठांसाठी पणती, पोहे, फुलबाजी, भात. दातांसाठी तोरण, दिवा, दार. टाळूसाठी चिवडा. वरच्या घुमटासाठी कारीट, मळणी, शंकरपाळे. गळ्यासाठी कंदील, करंजी, गूळ. मुलाच्या तोंडी ओठांची अक्षरे आधी येतात, ‘र’ आणि ‘ळ’ मागाहून. म्हणून तीन वर्षांचे पोर ‘लांगोली’ म्हणाले तर घाबरण्याचे कारण नाही. शाळेत जायला लागून बरीच वर्षे झाली तरी तेच असेल, तर दाखवावे.

तेव्हा या दिवाळीत घरोघर करता येण्याजोग्या चार गोष्टी सांगतो. फराळाचा डबा मुलापुढे एकदम उघडू नका. आधी त्याला विचारू द्या. नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडताना ‘गोविंदा’ ही हाक आपण आधी संथपणे द्या आणि मग मुलाची वाट पाहा. रांगोळी काढताना काय करता ते बोलत बोलत करा: आता ठिपका, आता रेघ, आता हळदीचा रंग. पोह्यांचे पाच प्रकार पानात आले की कोणता आंबट, कोणता गोड, कोणता तिखट हे मुलाला सांगू द्या. आणि मूल अडले तर “नीट बोल” म्हणू नका, त्याचे वाक्य ओढून घेऊन पुरे करू नका. आपणच थोडे सावकाश बोलावे. ही औषधे नव्हेत, औषध तज्ज्ञाकडेच. पण तज्ज्ञाची भेट आठवड्यातून एकदा, आणि घरचे अंगण रोज.

आणखी एक सांगतो. भोंडला आता पुष्कळ ठिकाणी मंडळांच्या व्यासपीठावर गेला आहे. ध्वनिक्षेपक गातो आणि मुली नुसत्या फिरतात. त्या ध्वनिक्षेपकाची कळ जरा बंद करा. गाणी येत नसतील तर आजीला विचारा. आज्यांना ती अजून येतात. फेरात मुलग्यांना घ्या, बोबड्यांना घ्या, तोतऱ्यांना घ्या, ज्याला ऐकू येत नाही त्याला दोघांच्या मध्ये घ्या आणि खिरापत त्याच्यासाठी खुणेने विचारा. वेदशाळेने त्यांना बाहेर ठेवले, कोर्टाने त्यांचा वाटा काढून घेतला, आपल्या जुन्या फेरालाही ते सगळे सामावता आले नाहीत. आपल्याला जमेल, त्याला खर्च काही नाही. एक पाट, त्यावर पिठाचा हत्ती, आणि झाकलेला एक डबा. मूल विचारीपर्यंत थांबण्याची तयारी तेवढी आपली हवी.